श्रावणबाळाला वाढवले कोणी?

श्रावणबाळाची कथा ठाऊक नाही असा माणूस आमच्या खानदेशात सापडणे कठीण. लहानपणी ती आजीच्या मांडीवर ऐकावी, शाळेच्या स्नेहसंमेलनात तिच्यातले एखादे काम करावे, आणि पुढे म्हातारपणी मुलगा विचारीनासा झाला की तिची आठवण काढून उसासा टाकावा, असा तिचा आपल्या आयुष्यात फेरा असतो. खांद्यावर कावड, कावडीच्या दोन पारड्यांत आंधळे आईबाप, वाट काशीची. हे चित्र डोळ्यांसमोर इतके पक्के बसले आहे की मूळ कथेत ते नाही हे सांगितले तर लोक रागावतात. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात कावड नाही, काशीयात्रा नाही, श्रावण हे नावसुद्धा नाही. रामाच्या वियोगाने झुरणारा दशरथ मरणापूर्वी आपले जुने पाप कौसल्येला सांगतो, एवढाच तो प्रसंग आहे. अंधारात सरयूवर घडा भरण्याचा आवाज झाला, राजाला तो हत्तीचा वाटला, आणि बाण एका तरुण तापसाला लागला. मग राजा पाणी घेऊन त्याच्या आंधळ्या आईबापांकडे जातो, आणि पावलांचा आवाज ऐकून म्हाताऱ्याला वाटते की आपला मुलगाच आला. तो विचारतो, बाळ, उशीर का केलास?

या प्रसंगावर पिढ्यान्‌पिढ्या डोळे ओले झाले. पण मला मात्र या कथेविषयी एक भलताच प्रश्न बरीच वर्षे छळीत आला आहे. हा मुलगा पाणी आणण्याएवढा मोठा झाला कसा? दोन आंधळ्यांच्या पोटी जन्मलेले मूल पहिल्यांदा रांगत अंगणाबाहेर गेले तेव्हा त्याला कोणी धरले? चुलीपासून कोणी राखले? ताप आला तेव्हा अंगावरचे पुरळ कोणी पाहिले? कोणी म्हणेल, आईबापांची दृष्टी म्हातारपणी गेली असेल. असेलही. पण कथा सांगणाऱ्या कोणालाही हा खुलासा करण्याची गरज वाटली नाही, हे मला अधिक बोलके वाटते. गोष्ट सुरू होते ती मुलगा कर्ता झाल्यावर. आईबापांनी त्याला कसे वाढवले हा भाग गोष्टीतून गळालेला आहे. आपल्या इतिहासातूनही तो तसाच गळाला असे मला दिसते, आणि त्याचाच थोडा माग या लेखात काढायचा आहे.

आपल्या परंपरेत दुसरा एक आंधळा बाप आहे, आणि त्याच्या वाट्याला श्रावणाच्या पित्याइतकी सहानुभूती कधीच आली नाही. धृतराष्ट्र हे नाव मराठीत शिवीसारखेच वापरले जाते. मुलाच्या दोषांकडे डोळेझाक करणारा बाप म्हणजे धृतराष्ट्र. त्यात पुन्हा गांधारीने आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली, तेव्हा त्या घरात मुलांकडे पाहणारे कोणीच उरले नाही आणि म्हणून कौरव बिघडले, असा सोपा हिशेब कीर्तनकार मांडतात. हा हिशेब मला पटत नाही. सभापर्वात द्यूत चालू असताना धृतराष्ट्र राहून राहून विचारतो, जिंकले का, जिंकले का? फासे त्याला दिसत नव्हते हे खरे, पण काय चालले आहे हे त्याला चांगले कळत होते. विदुर कानाशी ओरडून सांगत होता. धृतराष्ट्राचा दोष लोभाचा होता. त्याचे खापर डोळ्यांवर फोडणे हा डोळस माणसांचा सोयीचा उद्योग आहे. डोळे असून मुलांना बिघडवणारे बाप गल्लोगल्ली असतात, पण त्यांच्या डोळसपणाला कोणी बोल लावीत नाही.

महाभारताच्या भांडणाचे मूळ मात्र खरोखरच त्या आंधळेपणात आहे, आणि ते निराळ्या अर्थाने. अंबिकेचा मुलगा आंधळा निपजणार हे कळताच सत्यवती म्हणते की आंधळा राज्याला योग्य नाही, दुसरा पुत्र दे. म्हणून पांडू राजा झाला. पुढची पिढी आली तेव्हा प्रश्न उभा राहिला तो असा: थोरल्या बापाला व्यंगामुळे डावलले असेल, तर त्याच्या धडधाकट मुलाचाही हक्क बुडाला काय? दुर्योधनाची सारी तक्रार या एका वाक्यात मावते. तो दुष्ट होता म्हणून ती तक्रार खोटी ठरत नाही. व्यंग बापाचे, आणि नुकसान मुलाचे. हा पेच केवळ काव्यातला असता तर मी त्यावर इतके लिहिले नसते. आपल्या देशातल्या कुटुंबांनी तो जमिनीच्या सातबाऱ्यापर्यंत भोगला आहे.

मनूने आणि याज्ञवल्क्याने वारसाहक्कातून वगळलेल्यांची यादी दिली आहे. जन्मांध, बहिरा, मुका, पांगळा, वेडा, जड बुद्धीचा, असाध्य रोगाने ग्रासलेला. यांना वाटणीत अंश नाही. त्यांना अन्नवस्त्र द्यावे. कारण बहुधा असे सांगत की यज्ञयागाचा अधिकार ज्याला नाही त्याला त्यासाठी लागणारे द्रव्यही नको. अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य राज्य करीत असता, कल्याणीच्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली आणि ती पुढे महाराष्ट्रात प्रमाण मानली गेली. तिच्यात या नियमाला काही माणुसकीच्या कडा आहेत. वाटणी होऊन गेल्यावर व्यंग आले तर मिळालेला वाटा काढून घ्यायचा नाही. वाटणीनंतर औषधोपचाराने व्यंग गेले तर वाटा द्यायचा. आणि मुख्य म्हणजे, अशा माणसाचा मुलगा स्वतः निर्दोष असेल तर तो आजोबांच्या मिळकतीत भागीदार होतो. मुलींना लग्न होईतो पोसायचे आणि त्यांचे लग्न लावून द्यायचे.

वरवर पाहता हा तोडगा बरा वाटतो. बापाला नाही तर नाही, मुलाला तरी मिळाले. पण घरातले चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. आंधळा बाप भावांच्या अन्नावर राहतो. मुलगा अज्ञान असेपर्यंत त्याच्या वाट्याचा कारभार चुलते पाहतात. मुलाला चांगला बैल घ्यावा, शाळेत घालावे, आजारात वैद्य बोलवावा, यांतले एकही काम बापाच्या हाती नाही. प्रत्येक वेळी भावाकडे तोंड वेंगाडायचे. शास्त्राने त्या माणसाला पिता मानले, पण पालक मानले नाही.

इंग्रजी अमदानीत हा नियम न्यायालयांत गेला आणि त्याचा कीस निघाला. 1870 नंतरच्या काही वर्षांत मुंबई हायकोर्टाने त्याची धार थोडी बोथट केली. आंधळेपणा जन्माचा आणि असाध्य असला तरच वारसा जाईल. महारोग असला तर तो वाहत्या जखमांचा, उग्र स्वरूपाचा असला तरच. वकिलांनी एखाद्याचे डोळे आईच्या पोटातच गेले की देवीच्या साथीत गेले याचे पुरावे गोळा करावेत, असा तो काळ. पण याच न्यायालयांनी एक विलक्षण गोष्टही ठरवली. वारसा उघडण्याच्या वेळी, म्हणजे मूळ मालक मेला त्या वेळी, अपंग माणसाचा मुलगा जन्मलेला किंवा निदान गर्भात तरी हवा. नंतर जन्मलेल्या मुलाला, एकदा दुसऱ्याकडे गेलेली मिळकत परत मागता येत नाही. म्हणजे एखाद्या मुक्या माणसाला आजा वारल्यानंतर दोन वर्षांनी मुलगा झाला, तर त्या मुलाचा अपराध एवढाच की तो उशिरा जन्मला. अशा घरांत सुनेला दिवस जाण्याकडे चुलत्यांचे किती बारकाईने लक्ष असेल, हे वाचकांनीच ओळखावे.

1928 साली मध्यवर्ती विधिमंडळाने कायदा करून मिताक्षरेखालील कुटुंबांपुरते हे सारे रद्द केले. जन्मापासून वेडा किंवा जडबुद्धीचा असलेला माणूस तेवढा वगळलेला राहिला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 28 व्या कलमाने तोही अपवाद संपवला आणि कोणताही रोग, दोष वा व्यंग यामुळे वारसा जाणार नाही असे स्पष्ट केले. जवळजवळ दोन हजार वर्षांचा नियम एका लहानशा कलमाने गेला, आणि आज त्याची आठवणही फारशा कोणाला नाही. वाईट नियम विसरले जावेत हे ठीकच. पण त्यातून बनलेल्या सवयी कायद्याबरोबर जात नाहीत. अपंग भावाच्या नावची जमीन ‘त्याला काय करायची आहे’ म्हणून दुसऱ्याने कसावी, ही रीत आजही खेड्यापाड्यांत आहे, आणि ती कोणाला अन्यायाची वाटत नाही.

यापेक्षा कठोर प्रकरण महारोगाचे. आज आपण कुष्ठरोग म्हणतो, आणि तेच योग्य. पण ज्या काळाविषयी मी लिहितो आहे त्या काळी महारोग हाच शब्द होता आणि त्या शब्दातच शिक्षा होती. 1873 साली हान्सेनने नॉर्वेत या रोगाचा जंतू शोधला, आणि हा रोग वंशपरंपरेचा की स्पर्शाचा हा जुना वाद नव्याने पेटला. 1890 साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांनी माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रम काढला. (हेच ते अ‍ॅकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने 1891 साली मराठी पोवाडे छापून प्रसिद्ध केले. एकाच माणसाने आपले पोवाडेही गोळा केले आणि रस्त्यावरचे महारोगीही, याचा आपल्या वाङ्मयेतिहासाला फारसा पत्ता नाही.) त्याच सुमारास हिंदुस्थानात फिरलेल्या कुष्ठरोग आयोगाने निष्कर्ष काढला की हा रोग आनुवंशिक असल्याचा पुरावा नाही आणि संसर्गाचा धोकाही लोक समजतात तेवढा नाही. हा निष्कर्ष कोणाला रुचला नाही. 1898 मध्ये कायदा झाला तो भीक मागणाऱ्या महारोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याचा. तो कायदा पुस्तकातून कायमचा निघायला 2016 साल उजाडले.

रोग आनुवंशिक नाही या शोधाचा एक परिणाम मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. मूल जन्मतः निरोगी असते. मग त्याला निरोगी ठेवायचे तर आईबापांपासून दूर केले पाहिजे, असा तर्क पुढे आला. महारोग्यांसाठी 1874 पासून काम करणाऱ्या ख्रिस्ती मिशनने आश्रमांशेजारी ‘निष्कलंक’ मुलांची निराळी वसतिगृहे काढली. अंगावर पिणारे मूल आईपासून काढायचे, दाईच्या हाती द्यायचे, आणि आईने ते दुरून पाहायचे. बहुतेक आश्रमांत स्त्रिया आणि पुरुष निरनिराळे ठेवीत, म्हणजे मुलाचा प्रश्नच उद्भवू नये.

या माणसांना निर्दय म्हणण्याची माझी तयारी नाही. ज्यांना गावाने हाकलले त्यांच्या जखमा त्यांनी धुतल्या. औषध नसलेल्या त्या काळात, दीर्घ सहवासाने घरातल्या मुलांना लागण होत असे, हेही शास्त्रदृष्ट्या खरे आहे. तेव्हा दूर ठेवण्याला आधार होता. पण त्या ‘निष्कलंक’ या शब्दाकडे जरा थांबून पाहावे. मूल निष्कलंक म्हटले की कलंक कोण, हे सांगावे लागत नाही. मोठे झाल्यावर त्या मुलाला आपली आई कशी आठवत असेल? कुंपणापलीकडून हात न हलवणारी, कारण हाताला बोटे नाहीत.

महाराष्ट्रात या रूढीला वेगळे वळण लागले ते 1936 पासून, जेव्हा मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले. 1946 मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभे केले. 1949 मध्ये बाबा आमटे यांची महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभे राहू लागले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते मी पुन्हा सांगत नाही. मला त्यातली एकच गोष्ट इथे नोंदवायची आहे. बाबा आणि साधनाताई तिथे राहायला गेले ते आपल्या दोन लहान मुलांना बरोबर घेऊन. थोरला विकास 1947 चा, धाकटा प्रकाश 1948 चा. दुसरीकडे रोग्यांची मुले रोग्यांपासून दूर नेली जात असताना, एका निरोगी आईने आपली निरोगी मुले रोग्यांच्या वस्तीत वाढवायला नेली. भाषणे हजार झाली असती तरी लोकांच्या मनातली भीती जेवढी ढळली नसती, तेवढी त्या दोन पोरांच्या तिथे खेळण्याने ढळली असेल, असे माझे मत आहे. रोगी माणसाच्या नजरेसमोर मूल वाढू शकते, हे तिथे डोळ्यांना दिसत होते.

पुढे औषधे आली. 1950 नंतर डॅप्सोनच्या गोळ्या पोहोचू लागल्या. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्र उपचार सांगितला आणि दोनएक वर्षांत तो भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आला. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत रोग्यापासून लागण होण्याचे थांबते. मुलाला दूर नेण्याचे शास्त्रीय कारण तिथेच संपले. पण कायद्याचे घड्याळ मागे होते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात उग्र व असाध्य महारोग हे घटस्फोटाचे कारण होते. 1976 च्या दुरुस्तीत निदान तीन वर्षे रोग असावा ही अटही काढून टाकली, म्हणजे सोडणे अधिक सोपे केले, आणि तेही रोग बरा होण्याच्या उंबरठ्यावर! ते कारण सर्व धर्मांच्या विवाहकायद्यांतून गेले 2019 मध्ये. मधल्या काळात किती बायका हातावरचा चट्टा पदराखाली लपवून, तो दिसला तर घरही जाईल आणि मुलेही जातील या धाकाने दवाखान्यात गेल्या नसतील, याची मोजदाद कोण करणार? आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पाड्यांवर, कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. आरोग्यसेविका तपासायला गेली की बाई पाठ दाखवीत नाही. लाज हे एक कारण झाले. दुसरे हे जुने धास्तीचे.

मुले काढून नेणे हा एक मार्ग. मुले होऊच न देणे हा दुसरा. 1994 साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद तरुणींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण सांगितले गेले ते स्वच्छतेचे. मुलींना पाळीची निगा राखता येत नाही, आणि कोणी गैरफायदा घेतला तर निदान मूल राहणार नाही. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. गैरफायदा घेणाऱ्याचा बंदोबस्त करण्यापेक्षा मुलीचे गर्भाशय काढणे सोपे, हा त्यातला हिशेब अजून माझ्या मनातून जात नाही. पुढे 2009 मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य मतिमंद असलेल्या स्त्रीच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करण्यास नकार दिला. तिला मूल हवे होते. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायकोर्टापुढे एका बापाने आपल्या मुलीच्या गर्भपाताची परवानगी मागितली, तेव्हा बुद्धी थोडी कमी असलेल्या स्त्रीला आई होण्याचा अधिकार नाही काय, असे न्यायमूर्तींनी विचारले. शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणत्याही न्यायालयात विचारला गेला नसता.

आता इतिहास बाजूला ठेवून आमच्या गावाकडे वळतो, कारण मुलाला वाढवणे म्हणजे नेमके काय हे ग्रंथांत सापडत नाही. गोमाईकाठच्या आमच्या लोणखेड्यात खाटा विणणारा एक गृहस्थ होता. जन्मांध. त्याची बायको लहानपणी पोलिओने दोन्ही पायांनी गेलेली. तळहातांवर भार देऊन सरकत चाले. सांख्यशास्त्रात आंधळ्या-पांगळ्याचा एक दृष्टांत आहे: आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो, एक चालतो, दुसरा वाट दाखवतो. शास्त्री लोक हा पंग्वंधन्याय पुरुष आणि प्रकृती समजावून सांगण्यासाठी वापरतात. मी तो या घरात रोज चालताना पाहिला. फरक एवढा की दृष्टांतातल्या त्या दोघांना मूल नसते.

यांना मुलगी होणार असे कळले तेव्हा, म्हणजे मूल होणार असे कळले तेव्हा, नातेवाइकांची बैठक बसली. नणंदेला मूल नव्हते. हे तिला देऊन टाका, असे ठरत आले. हेतू चांगलाच होता. त्या बाईने एवढेच सांगितले की मला उभे राहता येत नाही, पण मांडी घालून बसता येते, आणि मुलाला मांडीच लागते. मग तिने घरातली व्यवस्था बदलली. झोळी आढ्याला उंच टांगतात. तिने दोर लांब करून ती जमिनीपासून हातभर उंचीवर आणली, म्हणजे बसल्या जागेवरून मूल घेता आणि ठेवता येई. चूल कोपऱ्यातून काढून तिच्यापुढे विटांचा कठडा घातला. पोर चालू लागली तेव्हा बापाने तिच्या पायांत पितळी घुंगरू बांधले. मी एकदा सहज विचारले, तर अहिराणीत म्हणाला, “लेक रडनी ते माले समजस, गुपचूप चालनी ते नही समजत. म्हनीसन घुंगरू.” मुले गप्प झाली की काहीतरी उपद्व्याप चालू आहे, हे प्रत्येक बापाला ठाऊक असते, याने त्या शांततेलाच आवाज दिला.

पुढे कुठेसे वाचले की अमेरिकेत बर्कली येथे 1982 साली अशाच पालकांसाठी ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ नावाची संस्था निघाली, आणि चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या आईसाठी बाजूने उघडणारा पाळणा वगैरे साधने तिने तयार केली. वाचून मला आनंद झाला, आणि झोळीचा लांब केलेला दोर आठवला. शहाणपण तेच, तिकडे त्याला संस्था मिळाली, इकडे ते एका घरात राहिले. शेजारच्या पाड्यावरच्या पांगळ्या बाईला ते कळण्याची सोय नाही.

या घराचे कौतुक करून थांबलो तर ते खोटे होईल. गावाने मदत केली, पण गावाची मदत उपकाराच्या चालीने येते. शेजारणी मुलीला न्हाऊ घालीत आणि घालता घालता आईला ऐकवीत. बाप शाळेत गेला तर गुरुजी त्याच्याशी न बोलता त्याच्याबरोबर आलेल्या माणसाशी बोलत. आणि मुलगी सात वर्षांची झाल्यावर बापाची काठी झाली. बाजाराच्या दिवशी, शहाद्याच्या बँकेत, तलाठ्याकडे ती हात धरून नेई. त्या दिवशी शाळेत गैरहजेरी लागे. दाखल्यासाठी नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयात जायचे म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटर एस.टी.चा प्रवास आणि एक दिवस मोडणार. लोक तिला प्रेमाने श्रावणबाळ म्हणत. मला ते आवडत नसे. खांद्यावर कावड घेण्याचे ते वय नव्हते, आणि आईबापांनी ती मागितलीही नव्हती. बापाबरोबर जायला एखादा पगारी माणूस असता तर ती पोर वर्गात बसली असती.

सरकार काही करीत नाही असे म्हणता येणार नाही. 1980 पासून राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, वृद्धांसाठीच्या योजनेला तर श्रावणबाळाचेच नाव दिले आहे. 2023 मध्ये ही रक्कम दरमहा 1500 रुपये झाली, आणि 2025 मध्ये अपंगांसाठी 2500. ती मिळते अपंग व्यक्तीला, तिच्या स्वतःच्या पोटासाठी. मुलांसाठी निराळी बालसंगोपन योजना आहे. दुर्धर आजाराने किंवा अन्य संकटाने ज्यांचे घर मोडकळीला आले त्या मुलांना ती दरमहा 2250 रुपये देते, आणि मूल संस्थेत न धाडता घरात राहावे हा तिचा चांगला विचार आहे. राजस्थानाने 2005 मध्ये सुरू केलेल्या पालनहार योजनेत अपंग आईबापांच्या मुलांचा निराळा उल्लेख पुढे केला. पैशाने दोर लांब होत नाही, पण एस.टी.चे भाडे निघते.

कायद्याच्या भाषेत मात्र अजून एक फट राहिली आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये अपंगांच्या हक्कांचा जो करार केला आणि भारताने 2007 मध्ये ज्याला मान्यता दिली, त्याच्या 23 व्या अनुच्छेदात म्हटले आहे की मुलाच्या किंवा आईबापांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मूल आईबापांपासून तोडता कामा नये, आणि मुले वाढवण्याच्या कामी अपंग पालकांना शासनाने साहाय्य द्यावे. हा करार अमलात आणण्यासाठी आपण 2016 चा दिव्यांग हक्क कायदा केला. त्याच्या दहाव्या कलमाने संमतीवाचून वंध्य करणाऱ्या उपचारांना मनाई केली. शिरूरची गोष्ट पुन्हा होऊ नये म्हणून ते फार मोलाचे. पण नववे कलम काढून वाचावे. त्यात अपंग मुलाला आईबापांपासून तोडू नये असे आहे. धडधाकट मुलाला अपंग आईबापांपासून तोडू नये हा करारातला दुसरा अर्धा भाग तिथे उतरलेला नाही. खाटा विणणाऱ्याच्या मुलीसारख्या मुलांचा विचार त्या कलमात नाही.

साहाय्याचा उल्लेख चोविसाव्या कलमात सापडतो. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत काय काय असावे याची तिथे यादी आहे, आणि त्या यादीत अपंग स्त्रियांना उपजीविकेसाठी व मुलांच्या संगोपनासाठी आधार असे शब्द आहेत. झोळीचा दोर लांब करणारी आई त्यात बसते. पायांत घुंगरू बांधणारा बाप बसत नाही.